फॅमिकॉम आणि आपल्याकडचे टीव्ही गेम : दुरुस्ती, खरेदी, अदलाबदल

साठ_पिन

हा धागा एकाच घराण्यापुरता ठेवू. एकीकडे निन्टेन्डोचा फॅमिकॉम, जो जपानात जुलै १९८३ मध्ये आला. दुसरीकडे त्याची नक्कल करून नव्वदीच्या दशकात आपल्याकडे घरोघरी पोचलेले ‘टीव्ही गेम’. दोघांची कॅसेट साठ पिनांची आणि आतली रचना जवळपास सारखी, त्यामुळे दुरुस्तीही बरीचशी एकच. सगळ्यांना कळावं म्हणून इथे कार्ट्रिजला कॅसेट आणि कंट्रोलरला रिमोटच म्हणू या.

पहिली गोष्ट वीजपुरवठ्याची. माझं ठाम मत आहे की हे डबे म्हातारे होऊन कमी मरतात आणि चुकीच्या एलिमिनेटरमुळे जास्त मरतात. माळ्यावरून डबा खाली आला की लोक हाताला लागेल तो एलिमिनेटर लावतात. पिन बसली म्हणजे जमलं असं वाटतं, आणि नेमकं तिथेच नुकसान होतं.

अस्सल फॅमिकॉमला १० व्होल्ट डीसी, ८५० मिलीअँपिअर लागतात आणि पिनची मधली बाजू ऋण असते. आपल्याकडे मिळणारे बहुतेक एलिमिनेटर मध्ये धन असलेले असतात. ते लावले की ७८०५ रेग्युलेटर (आत येणाऱ्या विजेचे स्थिर ५ व्होल्ट करणारी चिप) आणि त्याच्या आधीचा मोठा कपॅसिटर यांच्यावर उलटा दाब येतो. परदेशी एनइएसचा (फॅमिकॉमचीच जपानबाहेर विकलेली आवृत्ती) एलिमिनेटर त्याहून वाईट, कारण तो ९ व्होल्ट एसी देतो. एनइएसच्या आत एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर असतो, फॅमिकॉमच्या आत नसतो.

जपानी एलिमिनेटर सोबत आला असेल तर तो १०० व्होल्टचा आहे. आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये तो थेट लावायचा नाही, एकदाही नाही. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घेण्यापेक्षा सोपा उपाय म्हणजे वाद्यांच्या दुकानात गिटारच्या पेडलसाठी मिळणारा एलिमिनेटर. तो ९ व्होल्ट डीसी, मध्ये ऋण आणि ५.५ × २.१ मिलिमीटर पिनचा असतो. फक्त अँपिअर बघून घ्या: काही पेडल-एलिमिनेटर फार कमी क्षमतेचे असतात, आपल्याला १ अँपिअरचा हवा. सेगाच्या पहिल्या मॉडेलच्या मेगा ड्राइव्हचा एलिमिनेटरही (९ व्होल्ट, मध्ये ऋण) चालतो. दुसऱ्या मॉडेलचा चालत नाही, त्याची पिन लहान आणि मध्ये धन.

पुढचं सगळं प्रतिसादांत येऊ द्या. प्रश्न विचारताना बोर्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो टाका आणि मल्टिमीटरवर आलेले आकडे लिहा. ‘चालू होत नाही’ एवढ्यावरून काहीच सांगता येत नाही.

---

मिरजकर_राजू

माझ्याकडचा डबा फॅमिकॉम नाही, स्थानिक टीव्ही गेम आहे. एलिमिनेटर हरवला आहे आणि खालचा स्टिकर पुसला गेला आहे. मध्ये धन की ऋण, हे कसं ओळखायचं? लाल दिवासुद्धा लागत नाही.

---

ओहम

राजू, डबा उघडा. खाली पाच-सहा साधे स्क्रू असतील, एखादा स्टिकरखाली दडलेला असतो. आत धातूच्या पट्टीला टेकवलेला तीन पायांचा ७८०५ शोधा. छापील बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून पहिला इनपुट, मधला ग्राउंड, तिसरा ५ व्होल्टचा आउटपुट. पाठीचा धातूही ग्राउंडच असतो.

वीज न लावता मल्टिमीटर बीपवर ठेवा. एक टोक ७८०५ च्या धातूवर, दुसरं आधी जॅकच्या मधल्या पिनवर आणि मग बाहेरच्या पत्र्यावर. जिथे बीप वाजेल ती ऋण बाजू. मधल्या पिनवर वाजला तर मध्ये ऋण, पत्र्यावर वाजला तर मध्ये धन. दोन्हीकडे वाजला नाही आणि जॅकच्या मागे चार डायोड दिसले, तर ब्रिज आहे आणि कोणत्याही दिशेने लावलं तरी चालेल. एकच डायोड असेल तर मात्र तो उलट दिशेपासून संरक्षणासाठी आहे, त्याच्या पलीकडून मोजा.

टीव्ही गेमांत सगळेच एकसारखे नसतात. एका मॉडेलला लागलेला एलिमिनेटर तसाच दिसणाऱ्या दुसऱ्याला उलटा पडू शकतो. म्हणून दर डब्याला हे मोजमाप करायचंच.

यानंतर ७८०५ च्या आउटपुट आणि ग्राउंडमधला रेझिस्टन्स मोजा. दोन-चार ओहम किंवा शून्य आला तर पुढे कुठेतरी शॉर्ट आहे, वीज लावू नका. काहीशे ओहम किंवा जास्त आला तर कॅसेट न घालता वीज लावा आणि दोन आकडे लिहा:

इनपुटला चालू स्थितीत किती? ७८०५ ला नीट काम करायला किमान ७ ते ७.५ व्होल्ट लागतात. जुना ट्रान्सफॉर्मरवाला ९ व्होल्टचा एलिमिनेटर मोकळा मोजला तर १२-१३ दाखवतो, त्याने घाबरू नका. डबा जोडल्यावर तो ६ वर आला तर एलिमिनेटर दमला आहे.

आउटपुटला किती? ४.७५ ते ५.२५ मध्ये हवं. इनपुटला ९ आणि आउटपुटला ० असेल, शॉर्ट नसेल, तर ७८०५ गेला. दुकानात काही रुपयांत मिळतो: मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत, आणि जिल्ह्याच्या कोणत्याही टीव्ही-दुरुस्तीवाल्याकडे. बसवताना पत्र्याला हीटसिंक पेस्ट लावून स्क्रू घट्ट करा. १० व्होल्टचे ५ करताना उरलेले पाच तो उष्णतेतच घालवतो, अर्धा अँपिअर जात असेल तर अडीच वॉट. पत्र्याशिवाय तो काही मिनिटांत तापून स्वतःला बंद करतो आणि तुम्ही गेम अडकला म्हणून कॅसेट घासत बसता.

---

दर्यावर्दी

माझा डबा चालतो, पण चित्रावर दोन रुंद काळपट पट्टे असतात आणि आवाजात घूं असं येतं.

---

ओहम

फिल्टर कपॅसिटर वाळला आहे. आपल्या विजेच्या ५० हर्ट्झचं रेक्टिफायरनंतर १०० हर्ट्झ होतं आणि तोच ठोका चित्रात उतरतो. ५० हर्ट्झच्या टीव्ही गेमवर हे दोन पट्टे जवळजवळ स्थिर उभे दिसतात, ६० हर्ट्झच्या जपानी फॅमिकॉमवर ते भराभर सरकतात. जॅकजवळचा मोठा कपॅसिटर (बहुधा १००० मायक्रोफॅरड, १६ व्होल्ट) बदला. २५ व्होल्टचा, १०५ अंश छापलेला घ्या. पट्ट्याची बाजू ऋण, बोर्डावरची खूण बघूनच लावा. ट्रान्सफॉर्मरच्या एलिमिनेटरच्या आतही असाच एक कपॅसिटर असतो, तो विसरू नका. रेग्युलेटेड एलिमिनेटर लावून पट्टे गेले तर दोष जुन्या एलिमिनेटरातच होता.

---

दर्यावर्दी

कपॅसिटर बदलला, पट्टे आणि घूं दोन्ही गेले. आता आणखी एक. अँटेनाच्या वायरने लावल्यावर चित्र स्वच्छ, मुंग्या अजिबात नाहीत, पण आवाज नुसता खरखरतो. चॅनेल किती बारीक लावलं तरी तेच.

---

ओहम

हा बिघाड नव्हे, देशाचा फरक आहे. आपल्या टीव्हीत चित्र आणि आवाज यांच्या वाहक लहरींत ५.५ मेगाहर्ट्झचं अंतर असतं. हाँगकाँगच्या पद्धतीत ते ६.० आहे, चीनच्या पद्धतीत ६.५. तिकडच्या बाजारासाठी लावलेला मॉड्युलेटर (चित्र-आवाज टीव्हीच्या चॅनेलवर चढवणारा भाग) आपल्याकडे आला की चित्र नीट येतं आणि आवाज चुकीच्या जागी पडतो. मॉड्युलेटरच्या पत्र्याच्या डबीत आवाजाची एक कॉइल असते, तिच्या मधोमध फिरवायची काळी फेराइट गाभ्याची खाच दिसेल. प्लास्टिकच्या ट्रिमर-स्क्रूड्रायव्हरने पाव-पाव फेरा फिरवा, गेमचं संगीत चालू ठेवून. लोखंडी स्क्रूड्रायव्हर वापरला तर तो काढताच ट्यूनिंग हलतं, आणि फेराइट ठिसूळ असल्याने खाचच तुटते. पत्रा बाजूला करायच्या आधी गाभ्याची मूळ जागा मार्करने खुणावून ठेवा.

---

सातारी_कंदी

कॅसेटच्या पिना काळ्या पडल्या आहेत. झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने घासल्या तर चालेल ना? सगळीकडे हेच सांगतात.

---

अनघा_द

नाही चालणार, कृपया थांबा. अस्सल कॅसेटच्या पिनांवर सोन्याचा अत्यंत पातळ थर असतो. पॉलिश पेपरने दोन हातात तो निघतो, खालचं तांबं उघडं पडतं आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा काळं होतं, यावेळी कायमचं.

असं करा. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल (आयपीए) आणि कानातले कापसाचे बोळे घ्या. बोळा ओला करून पिनांच्या लांबीच्या दिशेने वरून खाली ओढा. आडवं घासलं तर घाण पिनांच्या मधल्या फटीत बसते. बोळा काळा झाला की नवा घ्या, एका कॅसेटला सहा-आठ लागतात. तरीही डाग राहिले तर शाळेतलं पांढरं मऊ खोडरबर हलक्या हाताने, आणि त्यानंतर पुन्हा आयपीए, म्हणजे रबराचा चुरा आत जाणार नाही. मेडिकलमधलं स्पिरिट शेवटचा पर्याय, त्यात पाणी बरंच असतं.

फुंकर मारू नका. काढून पुन्हा घातल्यामुळे पिना नव्याने जुळतात म्हणून गेम चालतो, श्रेय मात्र फुंकरीला मिळतं. थुंकीतला ओलावा पिनांवर बसून गंज वाढवतो.

कॅसेट स्वच्छ असूनही चित्र विस्कटत असेल तर दोष स्लॉटचा. अस्सल कॅसेटचा बोर्ड १.२ मिलिमीटर जाडीचा असतो. स्वस्त ‘९९९९ इन १’ छापाच्या कॅसेटमध्ये कधीकधी १.६ मिलिमीटरचा नेहमीचा बोर्ड वापरलेला असतो. तो वर्षानुवर्षं घातला की स्लॉटचे पितळी ओठ रुंदावतात आणि मग पातळ, अस्सल कॅसेट सैल बसते. शिवणाच्या बारीक सुईने प्रत्येक ओठ आतल्या बाजूला किंचित ओढावा लागतो. दोन रांगा, तीस-तीस पिना. एका बैठकीत करू नका, हात थरथरायला लागला की ओठ तुटतो. तुटला तर अख्खा स्लॉट बदलावा लागेल: सोल्डरचे साठ डाग काढायचे, साठ पुन्हा घालायचे. नवा घेताना पिनांमधलं अंतर २.५४ मिलिमीटर असल्याची खात्री करा. एनइएसचं ७२ पिनांचं कनेक्टर वेगळं आहे, त्यातलं अंतर २.५०.

---

टोकियोतून

इथून वस्तू मागवणाऱ्यांसाठी थोडं. जपानी विक्रेत्याने ‘जंक’ लिहिलं असेल तर त्याचा अर्थ मोडकी असा नाही. तपासलेली नाही, हमी नाही, परत घेणार नाही असा आहे. कधी ती पूर्ण चालू निघते, कधी आत बोर्डच नसतो. वाद घालता येत नाही, त्यामुळे फोटो मोठे करून बघा आणि किंमत बिघडलेल्या वस्तूचीच धरा.

फॅमिकॉम घेताना या गोष्टी पाहा. दोन्ही रिमोट मागच्या बाजूने आत कायमचे जोडलेले असतात, वायर कापलेली नाही ना? दुसऱ्या रिमोटवर स्टार्ट आणि सिलेक्ट नसतात, त्याऐवजी मायक्रोफोन असतो. तो दोष नव्हे, सगळेच तसे आहेत. अगदी सुरुवातीच्या डब्यांना ए आणि बी ही बटणं चौकोनी, रबराची होती. ती खाली अडकून बसायची म्हणून पुढे गोल, कडक प्लास्टिकची आली. संग्राहक चौकोनीला जास्त पैसे देतात, खेळणाऱ्याने गोल घ्यावीत.

खोक्यासकट घेत असाल तर खोक्यावरचा आणि डब्याच्या तळावरचा क्रमांक जुळवा. क्रमांक जुळणारा आणि न जुळणारा यांना एकच किंमत देऊ नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: लाल-पांढऱ्या (मूळ) फॅमिकॉममधून फक्त आरएफ, म्हणजे अँटेनाच्या वायरने लावायचा सिग्नल, निघतं, तेही जपानच्या चॅनेल १ किंवा २ वर, म्हणजे साधारण ९१ आणि ९७ मेगाहर्ट्झवर. आपल्याकडे तो एफएम रेडिओचा पट्टा आहे. आपल्या टीव्हीचे जुने व्हीएचएफ चॅनेल एकतर ६८ च्या खाली किंवा १७४ च्या वर, त्यामुळे बहुतेक टीव्हीवर तो सापडतच नाही. सापडला तरी आवाजाचं अंतर ४.५ मेगाहर्ट्झ, म्हणजे वर ओहम यांनी सांगितलेली अडचण इथेही आहेच. सोल्डरिंग करायचं नसेल तर डिसेंबर १९९३ मध्ये आलेला एव्ही (चित्र आणि आवाज वेगळ्या वायरने देणारा) फॅमिकॉम घ्या. त्यात पिवळी-पांढरी वायर थेट निघते आणि रिमोटही सुटे होतात. महाग पडतो, पण मला तो व्यवहार योग्य वाटतो.

---

साठ_पिन

ज्यांना लाल-पांढऱ्यावरच एव्ही काढायचं आहे त्यांच्यासाठी.

सामान: २एसए१०१५ ट्रान्झिस्टर १, ३०० ओहम १, ११० ओहम १, २२० मायक्रोफॅरड १६ व्होल्ट कपॅसिटर १, आवाजासाठी १० मायक्रोफॅरड १, आरसीए सॉकेट २, पातळ शील्डेड वायर अर्धा मीटर.

बोर्डावर ४० पायांची चित्राची चिप, पीपीयू, शोधा. तिच्या २१ व्या पायातून कॉम्पोझिट चित्र निघतं. हा पाय जुन्या आरएफच्या सर्किटपासून तोडावा लागतो: एकतर पाय उचलायचा, नाहीतर ट्रॅक कापायचा. मी ट्रॅक कापायचं म्हणेन, पाय उचलताना मुळापासून तुटला की चिप गेली. मग पाय २१ ट्रान्झिस्टरच्या बेसला. कलेक्टर ग्राउंडला. एमिटर ३०० ओहमने ५ व्होल्टला. त्याच एमिटरवरून २२० मायक्रोफॅरडची धन बाजू, पुढे ११० ओहम, आणि तिथून पिवळ्या सॉकेटला. हे सगळं चिपच्या जितकं जवळ बांधाल तितकं चांगलं. लांब वायरने डेटाच्या रेषांचा गोंगाट पकडला जातो आणि चित्रावर उभ्या फिकट रेघा येतात. काही रेघा बोर्डाच्या रचनेमुळेच असतात, त्या पूर्ण जात नाहीत.

आधुनिक एलसीडी टीव्हीवर चित्र येतं, पण काही संच या २४० ओळींच्या सिग्नलला ४८० ओळींचा समजून थरथरवतात. डब्यात दोष शोधण्याआधी दुसऱ्या टीव्हीवर लावून बघा. जुना, फक्त पाल (आपली रंगीत टीव्हीची पद्धत) समजणारा टीव्ही असेल तर चित्र कृष्णधवल दिसेल, कारण सिग्नल जपानच्या एनटीएससी पद्धतीचा आहे.

---

ओहम

वरच्या सर्किटला एक जोड. २एसए१०१५ मिळाला नाही तर दुकानदार बीसी५५७ देतो आणि तो चालतो. पण पायांचा क्रम वेगळा. सपाट बाजू आपल्याकडे धरली तर २एसए१०१५ चा क्रम एमिटर, कलेक्टर, बेस. बीसी५५७ चा कलेक्टर, बेस, एमिटर. तसाच खोचला तर चित्र अंधुक येतं किंवा येतच नाही, आणि लोक पीपीयूला दोष देतात.

---

सातारी_कंदी

एनइएसच्या ७२ पिनांच्या कॅसेटसाठी कन्व्हर्टर घेतला आहे. फॅमिकॉमवर गेम चालतो, चित्र उत्तम, पण आवाज पूर्ण बंद. फॅमिकॉमच्या कॅसेटला मात्र आवाज आहे.

---

साठ_पिन

कन्व्हर्टरमध्ये पिन ४५ आणि ४६ जोडलेल्या नाहीत. फॅमिकॉममध्ये आवाज ४५ मधून कॅसेटमध्ये जातो आणि ४६ मधून परत येतो, म्हणजे कॅसेटमधल्या चिपला आपला आवाज त्यात मिसळता यावा. काही जपानी गेमांचं संगीत त्यामुळेच भरदार आहे. एनइएसच्या कॅसेटला ही वाट माहीत नाही. कन्व्हर्टरच्या बोर्डावर साठ पिनांच्या बाजूला ४५ आणि ४६ मध्ये छोटी वायर लावा, आवाज येईल. एव्ही काढतानाही आवाज ४६ च्या बाजूने घ्या, नाहीतर मिसळलेला आवाज हुकतो.

---

दर्यावर्दी

आपल्या टीव्ही गेमवर मारिओ थोडा संथ वाटतो, पण संगीताचा सूर बरोबर असतो. हा भास आहे का?

---

ओहम

भास नाही. जपानी फॅमिकॉम सेकंदाला ६० चित्रं काढतो, आपल्याकडचे पाल टीव्ही गेम ५०. गेमचा वेग चित्रांच्या संख्येवर बांधलेला असल्याने तो सहाव्या हिश्शाने मंद होतो, आणि संगीताची लयही. सुराची उंची मात्र प्रोसेसरच्या घड्याळावर ठरते. मूळ जपानी १.७९ मेगाहर्ट्झ. निन्टेन्डोच्या पाल एनइएसमध्ये २६.६०१७१२ मेगाहर्ट्झला १६ ने भागतात, १.६६ येतात आणि सूर खाली उतरतो. पाल नकलांच्या चिपमध्ये त्याच क्रिस्टलला १५ ने भागलं आहे, म्हणून १.७७. जपानी कॅसेट आपल्या टीव्हीवर चालाव्यात यासाठी हे केलेलं आहे. चिपवर यूए६५२७पी आणि यूए६५३८ छापलेलं दिसलं तर तो हाच प्रकार. बोर्डावर चिपांऐवजी राळेचा काळा गोळा आणि त्याखाली सगळंच एकत्र असेल तर तो नंतरचा, आणि गोळा मेला तर दुरुस्ती नाही, अख्खा बोर्डच बदलायचा. विकत घेताना म्हणूनच डबा उघडून दाखवायला सांगावं. सुट्या चिपांचा डबा माझ्या लेखी कितीतरी मोलाचा.

---

अनघा_द

रिमोटबद्दल कोणी लिहिलं नाही. चार गोष्टी.

एखादं बटण जोरात दाबल्यावरच चालतं: आतल्या रबराच्या काळ्या कार्बनच्या टिकलीवर तेलकट थर आहे. रबर साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा, टिकली कोऱ्या पांढऱ्या कागदावर हलकेच घासा, बोर्ड आयपीएने पुसा. टिकलीवर आयपीए चोळू नका, कार्बन निघतो.

एका बाजूची सगळी बटणं किंवा अख्खा रिमोट मेला: नव्वद टक्के वेळा वायर, आणि तीही रिमोटमध्ये शिरते तिथे तुटलेली. निदान पाच तारा असतात: ५ व्होल्ट, ग्राउंड, क्लॉक, लॅच, डेटा. रंगांवर विश्वास ठेवू नका, टोकापासून टोकापर्यंत बीप लावून तपासा. तुटली असेल तर तिथून पाच सेंटिमीटर कापून पुन्हा जोडा.

वायर ठीक, तरी मेलेला: अस्सल रिमोटमध्ये ४०२१ ही एकच चिप असते आणि ती अजूनही नवी मिळते. स्वस्त रिमोटमध्ये काळा गोळा असतो, त्याच्या जागी ४०२१ बसवता येते पण वायरिंग हाताने करावं लागतं.

दोन्ही रिमोट एकदम मेले: दोष डब्यात, ३६८ क्रमांकाच्या दोन लहान चिपांत शोधा.

टीव्ही गेमचं नऊ पिनांचं सॉकेट मेगा ड्राइव्हच्या रिमोटसारखं दिसतं, पण जोडणी वेगळी आहे. एकमेकांत घालू नका. टीव्हीवर नेम धरायची बंदूक एलसीडीवर चालत नाही म्हणून ती ‘बिघडलेली’ सांगून विकू-घेऊ नका, तिला जुना पिक्चर ट्यूबचा टीव्हीच लागतो.

---

सातारी_कंदी

पिवळा पडलेला डबा पांढरा करण्याचं काय?

---

अनघा_द

ब्युटी पार्लरच्या सामानाच्या दुकानात ४० व्हॉल्यूमचं क्रीम डेव्हलपर मिळतं, म्हणजे १२ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. हातमोजे आणि चष्मा घालूनच. डब्याचं फक्त पांढरं कवच सुटं करा. मरून भाग, रिमोटवरची सोनेरी पट्टी आणि स्टिकर यांना अजिबात लागू देऊ नका. क्रीम ब्रशने सारखं लावा, स्वयंपाकघरातल्या पारदर्शक प्लास्टिकने गुंडाळा, उन्हात ठेवा आणि दर अर्ध्या तासाने फिरवून क्रीम पुन्हा सारखं करा. क्रीम वाळलं की तिथे पांढरे ढगाळ डाग पडतात आणि ते जात नाहीत. एप्रिल-मेच्या दुपारच्या उन्हात कवच वाकतं, सकाळचं ऊन घ्या. आणि हे कायमचं नाही, काही वर्षांत पिवळेपणा परततो. विकताना हे केलं असल्याचं सांगायलाच हवं.

---

टोकियोतून

सेव्ह होणाऱ्या कॅसेटच्या बॅटरीचं मी लिहितो. १९८७ चा पहिला फायनल फँटसी, १९८८ चा ड्रॅगन क्वेस्ट ३ अशा कॅसेटमध्ये नाण्याएवढी ३ व्होल्टची लिथियम बॅटरी असते. २.५ च्या खाली गेली की बदला. पाती लावलेलीच सीआर२०३२ घ्या. नुसत्या सेलवर थेट सोल्डर करू नका, उष्णतेने तो फुटू शकतो. जुनी काढताच आतला सेव्ह जातो, तो हवा असेल तर आधी कॅसेट वाचणाऱ्या यंत्राने संगणकावर उतरवून घ्या. आणि फॅमिकॉमच्या बऱ्याच कॅसेटना स्क्रू नसतात, कवच आतल्या खुंट्यांवर बसलेलं असतं. जुन्या एटीएम कार्डाने कडेने हळूहळू सोडवा, स्क्रूड्रायव्हर घातला की खुंटी तुटून कडेला पांढरा व्रण राहतो.

---

मिरजकर_राजू

अदलाबदल करताना नकली कॅसेट कशी ओळखायची? कॉन्ट्रा ‘ओरिजिनल’ म्हणून देऊ करत आहेत.

---

साठ_पिन

कवचाच्या रंगावरून किंवा आकारावरून ओळखू नका. निन्टेन्डोने काही कंपन्यांना स्वतःच्या कॅसेट बनवायची मुभा दिली होती, त्यामुळे अस्सल कॅसेटही वेगवेगळ्या आकाराच्या आहेत. बोर्ड बघा. जपानी कॉन्ट्रा (कोनामी, १९८८) मध्ये कोनामीची स्वतःची व्हीआरसी२ चिप असते. आत काळा गोळा असेल तर ती अस्सल नाही, कोणी काही म्हणो. नकली कॅसेटही जरूर घ्या, आपल्याकडचा बहुतेक खेळ त्यांच्यावरच झाला आहे आणि त्यांचे स्टिकर जपण्यासारखे आहेत. फक्त दाम नकलीचा द्या.

या धाग्यावर वस्तू मांडताना एवढं लिहा: बोर्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो, ५ व्होल्टच्या जागी आलेला आकडा, कोणती कॅसेट घालून सलग किती वेळ चालवला (निदान पंधरा मिनिटं, तापल्यावरचे दोष तेव्हाच कळतात), दोन्ही रिमोटची सगळी बटणं, आणि काय बदललं आहे: कपॅसिटर, एव्ही, बॅटरी, रंग. नुसतं ‘चालू कंडिशन’ लिहिलेल्या वस्तूला मी तरी बिघडलेल्याचाच भाव देईन. पाठवताना कॅसेट स्लॉटमधून काढा, नाहीतर वाटेतल्या आदळआपटीत स्लॉटचे डाग उखडतात.

---

दर्यावर्दी

कोकण-गोव्याकडच्यांसाठी साठवणुकीचं सांगतो. जूनच्या आत डबे घट्ट झाकणाच्या प्लास्टिक पेटीत घाला, प्रत्येक पेटीत ५०-१०० ग्रॅम सिलिका जेल. निळं जेल गुलाबी झालं की ओव्हनमध्ये साधारण १२० अंशांवर दोन तास, पुन्हा निळं होतं. अन्नाच्या भांड्यात ठेवू नका. रिमोटची वायर डब्याभोवती गुंडाळू नका: वायरच्या प्लास्टिकमधलं तेल सुटून कवचावर वितळल्यासारखे चर पडतात, आणि ते भरता येत नाहीत. वायर सुती कापडात वेगळी ठेवा. आरएफच्या पत्र्यावर गंज दिसला तर तो बोर्डावर झडण्याआधी घासून काढा, चुरा चिपच्या पायांत पडला की शॉर्ट होतो.

---

मिरजकर_राजू

ओहम यांनी सांगितल्याप्रमाणे मोजलं. जॅकच्या मधल्या पिनवर बीप, म्हणजे मध्ये ऋण. ५ व्होल्टच्या रेषेवर शॉर्ट नाही. ७८०५ चा इनपुट ९.१, आउटपुट शून्य होता. नवा बसवला, आता ४.९८ येतात आणि लाल दिवा लागतो. टीव्हीवर मात्र नुसता करडा पडदा, कॅसेट घातली तरी तोच. चिपा सुट्या आहेत, काळा गोळा नाही.

---

ओहम

पडदा करडा आहे म्हणजे चित्राची चिप सिग्नल देते, हे चांगलं आहे. प्रोसेसर गेम वाचत नाही. या क्रमाने जा: कॅसेट आयपीएने पुसा, दुसरी घालून बघा. मग स्लॉटचे साठही डाग भिंगाखाली तपासा. या डब्यांत स्लॉटच्या टोकाकडचे डाग आधी सुटतात, कारण कॅसेट ओढताना जोर तिथेच येतो. संशय आला तरी सगळ्या साठ डागांना फ्लक्स लावून ३५० अंशांच्या सोल्डरिंगने एकेकदा ताजं करा. त्यानंतर रीसेटचं बटण दाबलेल्या स्थितीत अडकलं नाही ना, ते बीपने बघा. तोवर चिपांना हात लावू नका. प्रोसेसरच्या पायांजवळचा आणि स्लॉटचा फोटो टाका.

---

मिरजकर_राजू

स्लॉटच्या डाव्या टोकाचे तीन डाग भेगाळलेले दिसत आहेत, पिन हलवली की डागासकट हलते. सगळे साठ ताजे करतो आणि फोटो टाकतो.